मनातला राजवाडा काढायचा तर आधी माणूस उभा करा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात मी रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग घेतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी आठ-दहा पोरं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि शेजारच्या गल्लीतल्या एक वहिनी. पावसाळ्याच्या तोंडाला काकांनी मोबाईलवर एक चित्र आणलं. लांबच लांब फरशी, एका बाजूनं कमानींची रांग, मागं आणखी कमानी, आणि त्या सगळ्या दगडी पसाऱ्यात निवांत फिरणारी बोटाएवढी माणसं. काका म्हणाले, "सर, जाहिरातीच्या पाट्या काय कुणीबी काढंल. आम्हाला हे शिकवा."

त्यानंतरचे चार रविवार त्यातच गेले. वर्गात जे तोंडानं सांगितलं, तेच इथं लिहितोय. हाफ इम्पिरियल कागद, फूटपट्टी आणि एक सुतळी असली की तुम्हालाही घरी करता येईल.

चित्र १५९६ सालचं. चित्रकार हान्स फ्रेडेमान डे फ्रीस, जन्म १५२७, नेदरलंड्सच्या उत्तरेकडच्या लेउवार्डेन गावचा. प्रागला बादशहा दुसऱ्या रूडोल्फच्या दरबारी असताना त्यानं असे काल्पनिक राजवाडे रंगवले, आता ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. त्यातला एकही राजवाडा कुठल्या गावात बांधलेला नव्हता. न बांधलेल्या इमारतींच्या छापील चित्रांवरच या गड्याचं नाव झालं होतं. त्यातला एक संच अँटवर्पमध्ये १५६० साली निघाला आणि पर्स्पेक्टिव्हवरचं, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर खरं दिसेल असं काढायच्या विद्येवरचं, त्याचं मोठं पुस्तक आलं १६०४-०५ मध्ये, म्हणजे गडी पंचाहत्तरी ओलांडल्यावर. त्या पुस्तकातल्या रिकाम्या दालनांत मधेच एखादा एकटा माणूस उभा असतो आणि त्याच्याभोवती सगळ्या रेघा धावत असतात. तो माणूस तिथं शोभेला नाही.

ते मला कळलं आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून. आबा नाटकाचे पडदे रंगवायचे. कोल्हापुरात हे काम नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ सिनेमाकडं वळायच्या आधी नाटक मंडळ्यांचे पडदेच रंगवत होते. आबा त्यांच्यानंतर बऱ्याच काळानं आले आणि त्यांचं नाव कुठं छापून आलं नाही. पण राजवाडा, रस्ता, जंगल आणि देऊळ हे चार पडदे त्यांनी किती मंडळींना करून दिले याला गणती नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "आधी माणूस उभा कर रं, राजवाडा त्याच्या मागनं बांध."

मी ऐकलं नाही. बावीस वर्षांचा असताना आमच्याच गल्लीतल्या मंडळासाठी मी दरबाराचा पडदा एकट्यानं घेतला. न्यू पॅलेसचे खांब बघून आलो, नक्षी टिपून आलो, आठ दिवस खपून खांब, कमानी, झुंबरं सगळं झकास रंगवलं आणि शेवटच्या रात्री राहिलेल्या जागेत भालदार-चोपदार बसवले. पडदा उघडला. पहिल्या ओळीतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "दरबार हाय का कबुतरखाना?" माझ्या भालदाराचं डोकं दरवाजाच्या वरच्या चौकटीला टेकलं होतं. त्याच्या मागचा चोपदार त्याच्यापेक्षा लांब उभा असूनही उंच. हसं झालं ते झालं. आबा काही बोलले नाहीत, फक्त घरी येताना रंकाळा तलावावरून वळसा घालून आणलं. संध्याकाळची वेळ, कठड्याकडेनं गर्दी. म्हणाले, "समोरच्या डोक्यांकडं बघ. जवळचा, लांबचा, समद्यांची डोकी एका रेघंत हाईत का न्हाईत? पाय कुठं हाईत ते बघ."

होती. पाय मात्र वेगवेगळ्या उंचीवर. जवळच्याचे खाली, लांबच्याचे वर.

पुढं पुस्तकात वाचलं की आल्बर्टी नावाच्या इटालियन विद्वानानं १४३५ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय. देवळात फिरणाऱ्या माणसांची डोकी साधारण एका पातळीत दिसतात, आणि लांबच्याचे पाय जवळच्याच्या गुडघ्याच्या पातळीला येतात. आबांनी आल्बर्टी वाचला असण्याची शक्यता शून्य.

आता कामाला लागू.

कागद बावीस इंच रुंद, पंधरा इंच उंच. चारी बाजूंनी एक-एक इंच सोडून चौकट आखा, म्हणजे आत वीस बाय तेरा उरतं. चौकटीची खालची रेघ ही आपली तळरेषा. इथं एक हिशोब पक्का करा : तळरेषेवर एक इंच म्हणजे एक फूट. हा हिशोब न ठरवता पेन्सिल हातात घेतलीत तर माझा कबुतरखाना तुमच्याकडंही होणार.

डाव्या कोपऱ्याजवळ, तळरेषेवर पाय टेकवून, साडेपाच इंचांचा एक माणूस हलक्या हातानं काढा. काडीचा असला तरी चालेल. हा झाला साडेपाच फुटी गडी. त्याचा डोळा साधारण पाच फुटांवर येतो, म्हणून तळरेषेपासून पाच इंचांवर आडवी रेघ पूर्ण चौकटभर मारा. पुस्तकात तिला क्षितिजरेषा म्हणतात, आबा तिला 'नजर' म्हणायचे, मीही वर्गात नजरच म्हणतो. नजर म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. तुम्ही चित्रातल्या माणसांसारखेच जमिनीवर उभे आहात असं आपण ठरवलं. माडीवरून बघायचं असेल तर नजर वर न्या, पण पहिल्यांदा नको.

नजरेवर बरोबर मध्यभागी, दहा इंचांवर, एक टिंब द्या. हा लोपबिंदू. आत जाणारी प्रत्येक रेघ, मग ती फरशीची असो, कठड्याची असो की छताच्या तुळईची, इथंच येऊन मरते. तो मध्यावर ठेवला की दरबाराचा भारदस्तपणा येतो. एका बाजूला सरकवला की चित्र रस्त्यासारखं वाहतं. पहिल्या चित्राला मध्यच बरा.

आता फरशी. राजवाड्याचं सगळं खरं-खोटं फरशीत ठरतं, खांबांत नाही. तळरेषेवर दोन-दोन इंचांवर खुणा करा, दहा भाग होतील. प्रत्येक खूण लोपबिंदूला जोडा. ओसरीवर चटया पसरल्यासारख्या पट्ट्या दिसतील. आडव्या रेघा कुठं मारायच्या, इथं सगळे अडतात. पोरं अंदाजानं मारतात, आधी मोठं अंतर, मग बारीक, मग आणखी बारीक. दिसायला बरं दिसतं, पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला फरशी चौकोनी राहत नाही, विटेसारखी लांबट होते. अंदाज नको.

कागद जमिनीवर चिकटवा. आमच्याकडं शहाबादी फरशी आहे, तिच्यावर टेप छान बसते. नजरेची रेघ डावीकडं चौकटीबाहेर सरळ वाढवत न्या आणि लोपबिंदूपासून तीस इंचांवर, म्हणजे चौकटीच्या डाव्या कडेपासून वीस इंच बाहेर, टेपच्या तुकड्यावर फुली मारा. ही तीस इंचं म्हणजे बघणारा चित्रापासून तीस फुटांवर उभा आहे. आता सुतळीचं एक टोक या फुलीवर दाबा, दुसरं टोक तळरेषेच्या उजव्या कोपऱ्यावर धरून ताणा. सुतळी तुमच्या पट्ट्यांच्या रेघांना जिथं जिथं छेदते, तिथं तिथं टिंब द्या. प्रत्येक टिंबातून तळरेषेला समांतर आडवी रेघ मारा. झाली फरशी.

ती सुतळी म्हणजे दुसरं काही नाही, फरशांचा कर्ण. चौरस फरश्यांवरून तिरकं चालत गेलं की दर पावलाला एक फरशी आडवी आणि एक फरशी आत जाते, तेवढंच गणित. जमलं का ते पडताळून बघा : पहिली आडवी रेघ तळापासून पाव इंचाच्या थोडी वर, पाचवी सव्वा इंचावर आणि दहावी बरोबर दोन इंचांवर आली पाहिजे. दहावी दोन इंचांवर नसेल तर बहुतेक फुली नजरेच्या रेघेवरून घसरली आहे. आमच्या वर्गात पाच जणांची घसरली होती. आणखी आत जायचं असेल तर दहाव्या ओळीच्या उजव्या टोकापासून त्याच फुलीला पुन्हा सुतळी लावा. पंधरावी ओळ अडीच इंचांवर येईल.

फुली जवळ आणायचा मोह होतो, जागा कमी लागते म्हणून. आणू नका. पुढच्या फरश्या ताणल्यासारख्या होतात आणि जमीन आत कोसळल्यासारखी दिसते. खरं सांगायचं तर फ्रेडेमानच्या छापील पानांवरच्या काही दालनांतही मला फरशी जरा जास्तच घाईनं आत पळताना दिसते. पण तो दरबारी चित्रकार, त्याला खपून गेलं.

फरशी झाली की खांब सोपे. उजवीकडच्या सोळाव्या इंचावर जी पट्टीची रेघ आत जाते, तिच्यावर खांब लावू. बारा फूट उंच खांब धरा. तळरेषेवर सोळाव्या इंचापासून सरळ वर बारा इंच मोजून टिंब द्या आणि ते टिंब लोपबिंदूला जोडा. ही खांबांच्या माथ्यांची रेघ. आता फरशीची पाचवी, दहावी आणि पंधरावी ओळ जिथं सोळाव्याच्या रेघेला छेदते, तिथून खांब सरळ वर उचला आणि माथ्याच्या रेघेला टेकवा. मोजून बघा, पहिला नऊ इंच, दुसरा सव्वासातच्या किंचित आत, तिसरा सहा. कुणाची उंची वेगळी ठरवावी लागली नाही, फरशीनंच ठरवली.

कमानीत एक हमखास चूक होते. दोन खांबांमधलं अंतर पट्टीनं मोजून मध्य काढतात आणि कमानीचा माथा तिथं ठेवतात. कमान आत जात असते, तिचा मध्य पट्टीच्या मध्यावर नसतोच. दोन खांब, खालची रेघ आणि माथ्याची रेघ मिळून जो तिरका चौकोन होतो, त्याचे दोन्ही कर्ण मारा. ते जिथं छेदतात तिथून उभी रेघ वर न्या. कमानीचा माथा त्या रेघेवर. जवळचा अर्धा भाग मोठा, लांबचा अर्धा लहान, असं झालं की कमान आत वळते. वहिनींनी हे ऐकून लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरचे कर्ण बोटानं काढून बघितले.

नक्षीचं म्हणाल तर मी फार सांगणार नाही, त्यात रमलं की राजवाडा बुडतो. खांबाला खाली बैठक द्या, वर एक घडीव माथा द्या, दोन्हींच्या आडव्या कडा लोपबिंदूकडं झुकवा, बस्स. फ्लेमिश, म्हणजे अँटवर्पकडचं, वळणच हवं असा हट्ट नको. आपल्याकडं बघायला कमी आहे का? भवानी मंडपाच्या कमानीखाली उभं राहून वर बघा. न्यू पॅलेसच्या काळ्या दगडाच्या कमानी बघा. चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाचं काम, १८८४ साली पुरं झालेलं, त्यात त्यानं देशोदेशीची वळणं एकत्र कालवली आहेत. काल्पनिक राजवाडा म्हणजे तरी दुसरं काय? डावी बाजू मी मोकळी ठेवतो, कठडा आणि पलीकडं बाग. दोन्हीकडं खांब लावले की मंगल कार्यालय वाटतं.

आता माणसं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. जुन्या रद्दी कागदाची माणसं कापा. तळरेषेवरचा साडेपाच इंच, पाचव्या ओळीवरचा सव्वाचारला किंचित कमी, दहाव्या ओळीवरचा तीन पूर्णांक तीन, पंधराव्या ओळीवरचा पावणेतीन. ही कागदी माणसं रेखाटनावर ठेवा आणि सरकवून बघा. पाय ज्या ओळीवर, आकार त्या ओळीचा. तसं ठेवलं की सगळ्यांचे डोळे नजरेवर येतात.

आमच्या वर्गातल्या सातवीतल्या एका पोरीनं साडेपाच इंची बाई उचलून तिचे पाय थेट दहाव्या ओळीवर ठेवले. क्षणभर सगळे गप्प. मग तीच ओरडली, "सर, ही पूतना झाली!" मी पट्टी लावून दाखवलं : त्या ओळीवर तीन इंच म्हणजे पाच फूट, मग साडेपाच इंच म्हणजे नऊ फुटांच्या वर. बाई होती तेवढीच होती, फक्त मागं सरकली आणि राक्षसीण झाली. माझ्या चोपदाराचं नेमकं हेच झालं होतं. एवढी एक गंमत केली तर पाठ द्यायची गरज उरत नाही.

पायऱ्या किंवा चौथरा घेतलात तर डोकी रेघेवर राहणार नाहीत, आणि राहूही नयेत. तीन फुटी चौथऱ्यावरचा माणूस त्या ओळीच्या हिशोबानं तीन फूट वर जाईल. दहाव्या ओळीवर असेल तर एक पूर्णांक आठ इंच. लहान पोर असेल तर डोकं नजरेखाली. बसलेला असेल तर आणखी खाली. उभ्या मोठ्या माणसांची ओळ पक्की असली की ही वर-खालची डोकी चित्राला जिवंत करतात.

किती माणसं? फार नकोत. अशा चित्रांत इमारत एकानं आणि माणसं दुसऱ्यानं काढायची पद्धत फ्रेडेमानच्या मुलखात सर्रास होती. म्हणूनच की काय, काही ठिकाणी माणसं पाहुण्यांसारखी अवघडून उभी दिसतात. आपण एकच हात लावणार, तेव्हा ती राजवाड्यात राहणारी वाटली पाहिजेत. पोरं सगळ्यांना फोटोला उभं केल्यासारखी समोर तोंड करून काढतात. निदान दोघांची पाठ आपल्याकडं करा. तिघांचा घोळका, थोड्या अंतरावर बोलत चाललेले दोघे, लांब कमानीत एकटा कुणीतरी. कुत्रं घालायचं तर पुढं घाला, मागं घातलं तर डाग पडल्यासारखं दिसतं. वहिनींनी पुढच्या बाईला नऊवारी आणि हातात पितळी तांब्या दिला, काकांनी सगळ्यांना फेटे. त्या परक्या घाटाच्या कमानीखाली ते इतकं झकास दिसलं की मी खोडरबर उचलला नाही.

रंग पोस्टरचे चालतात. दगडासाठी पांढऱ्यात पिवळा ऑकर आणि नखभर तपकिरी. पुढचे खांब उबदार आणि ठळक, जसजसं आत जाल तसं पांढरं आणि निळ्याचा थेंब वाढवा, सावल्याही फिकट करा. शेवटची कमान जवळजवळ आकाशात मिसळली पाहिजे. ऊन एकाच बाजूनं, समजा डावीकडून. मग फरशीवरच्या सावल्या सगळ्या उजवीकडं, आडव्या, तळरेषेला समांतर. ऊन पंचेचाळीस अंशांत कललेलं धरलं तर सावली माणसाच्या उंचीएवढी. फरशीचा काळा-पांढरा पट रंगवताना काळा रंग बाटलीतला नुसता वापरू नका, निळा आणि तपकिरी कालवून करा, नाहीतर फरशी खड्ड्यांसारखी दिसते. आणि माणसाच्या पायाखाली सावली द्यायला विसरलात तर एवढं गणित करूनही तो हवेत तरंगेल.

पडदाच करायचा असेल तर हा कागद तुमचा नकाशा झाला. एक इंच म्हणजे एक फूट, त्यामुळं वीस बाय तेरा फुटांचा पडदा, आणि तळरेषेवरचा माणूस खऱ्या माणसाएवढा. पण ती बाहेरची फुली आता वीस फूट लांब पडेल, तेवढी जागा कुठल्या गल्लीत आहे? म्हणून कागदावर इंचा-इंचाचं जाळं आखा, पडद्यावर फुटा-फुटाचं, आणि चौकोनामागून चौकोन उतरवून घ्या. मांजरपाट शिवून, ताणून, खडूची भुकटी सरसाच्या पाण्यात कालवून अस्तर द्या आणि पुरतं वाळू द्या. पावसाळ्यात ते दोन दिवस घेतं. सरळ रेघांसाठी गेरूत घोळलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. फटकन आवाज येतो आणि पंधरा फुटी रेघ एका दमात पडते. पोरांना पडद्याच्या सगळ्या कामात एवढंच खरं आवडतं.

प्रयोगाच्या दिवशी नटांना सांगायचं एक राहतं. पडद्यावरच्या लांबच्या कमानीपाशी खरा माणूस जाऊन उभा राहिला की तोही पूतना होतो. आबा रंगमंचावर पडद्यापासून चार हात पुढं खडूची रेघ मारायचे आणि राजाचं काम करणाऱ्याला बजावायचे, "हिच्या मागं गेलास तर राजवाडा पडंल, मग माझ्या नावानं वराडू नगंस." खेळ संपला की पडदा रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड बांबूवर गुंडाळा. घडी घालू नका. घडीवर सरस तडकतो, आणि तडा नेमका कुणाच्या तरी तोंडावरून जातो.